बाटलीवरचं वचन

आमच्या चर्चच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षाचं वचन निघतं, म्हणजे पवित्र शास्त्रातली एक ओवी. साडेदहाला उपासना सुरू होते, बाराच्या ठोक्याला सगळे गुडघ्यांवर असतात, घंटा वाजते, एकमेकांना सलाम होतो आणि मग पुढच्या टेबलावर एक ताट येतं. ताटात घडी घातलेल्या चिठ्ठ्या. घरटी एकानं उचलायची आणि तिथेच उभं राहून मोठ्यानं वाचायची. माझं माहेर-सासर दोन्ही नगरचं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली इथं आलं, त्या काळापासून मूळ धरलेली आमची घरं. परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ही चिठ्ठी उचलत आले आहे.

२०२२ संपताना आमच्या हाती यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं. "परमेश्वर म्हणतो, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला तुमच्या भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत." यांना इतका आनंद झाला की आठवडाभरात ते वचन सुरेख अक्षरात लिहून घेऊन फ्रेम करून आणलं. दारातून आत आलं की पहिली नजर त्यावर जावी, अशी ती लावली.

मार्चमध्ये यांचे पाय सुजायला लागले. चप्पल घट्ट होते म्हणाले, मी म्हटलं उन्हाळा आहे. मग सकाळी तोंड सुजलेलं दिसायला लागलं, जेवणावरची वासना उडाली. तपासणी केली तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, नऊच्या पुढे. वीस वर्षांचा रक्तदाब, गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या, आणि दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत गेली होती. आम्हांला चाहूलही लागली नव्हती. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात डायलिसिस सुरू केलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहाची पाळी, चार चार तास.

डाव्या हातात, मनगटाच्या वर, फिश्चुला केला. धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे शिरेत जोरानं रक्त येतं आणि ती फुगून जाड होते, सुया टोचण्याजोगी होते. त्याला दीड-दोन महिने लागतात. तोवर मानेतल्या नळीतून काम चालवलं. घरी येताना तिथल्या टेक्निशियननं माझी दोन बोटं धरून यांच्या मनगटावर ठेवली. म्हणाला, "काकू, रोज रात्री असं हात लावून बघायचं. ही थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं." पिठाच्या गिरणीचा पट्टा भिंतीपलीकडे चालू असावा आणि भिंतीला हात लावल्यावर कळावं, तशी ती थरथर होती. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, पिशवी अडकवायची नाही, उशाखाली घेऊन झोपायचं नाही.

माणसं भेटायला येत होती. मंडळीतल्या लोकांनी त्या दिवसांत आम्हांला काही कमी पडू दिलं नाही. सकाळी पाचला रिक्षा घेऊन दारात उभा राहणारा मुलगाही मंडळीतलाच. पण एक गृहस्थ बाहेरगावाहून आले होते. कोणाच्या तरी ओळखीनं घरी आले, डोक्यावर हात ठेवून पुष्कळ वेळ प्रार्थना केली, आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाले, "वचन तुमच्या दारात आहे आणि तुम्ही यंत्रावर भरवसा ठेवता? त्याला बसलेल्या माराने तुम्ही निरोगी झाला आहात, असं येशूविषयी पेत्रानं लिहिलंय. झालात, असं लिहिलंय. होणार आहात असं नाही." यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी आशा होती की मी काही बोलू शकले नाही. बोलायला हवं होतं.

शुक्रवारची पाळी यांनी चुकवली. शनिवार बरा गेला, उपासाला बसल्यासारखे शांत होते. रविवारी चर्चला आले, गायनं म्हटली. रात्री दीडला मला उठवलं. बसून होते, आडवं होता येत नव्हतं, श्वास घेताना छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. फुप्फुसात पाणी भरलं होतं.

रिक्षात मी यांना मागून धरून बसले होते आणि मला ते वचन म्हणायचं होतं, जे तीन-चार महिने रोज डोळ्यांसमोर होतं. "परमेश्वर म्हणतो, तुमच्याविषयी माझ्या मनात" इथपर्यंत आलं आणि पुढचं काही केल्या आठवेना. संकल्प हा शब्द आठवला, त्याच्या पुढे काळोख. आणि मग, मी न शोधता, तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." संडे स्कूलमध्ये आमच्या बाई ज्या चालीवर म्हणून घ्यायच्या, त्याच चालीवर. सुवर्णवचन म्हणायचो आम्ही त्याला. दर रविवारी एक, पाठ झालं की वहीत चांदणी. मृत्युछायेच्या दरीपर्यंत पोहोचेतो हॉस्पिटलचं फाटक आलं होतं.

यांना त्या रात्री वाचवलं. मी बाहेर बाकावर बसले होते. पिशवीत सासूबाईंचं पवित्र शास्त्र होतं, घाईत तेच हाताला लागलं होतं. पहाटे मी यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो पहिल्या ओवीपासून वाचला.

ते पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला गेलेलं. राजा यखन्या आणि त्याच्याबरोबर हजारो माणसं बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं धरून नेली होती, त्या बंदिवानांना यिर्मयानं लिहिलेलं. आणि त्यात लिहिलं काय? घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांचं उत्पन्न खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितातच तुमचं हित आहे. मग दहावी ओवी येते: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन. आणि तिच्याखाली, तिला चिकटून, आमची अकरावी. चिठ्ठीवर दहावी नव्हती. फ्रेममध्येही नव्हती.

मागचं पान उलटलं. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तोही परमेश्वराच्याच नावानं बोलतो. दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणतो, मंदिरातली पात्रं, राजा, बंदिवान, सगळे. यिर्मयानं बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून मानेवर घेतलेलं जू काढून सगळ्यांदेखत मोडतो. ऐकणाऱ्यांना हनन्याच आवडला असणार. मलाही आवडला होता. तो आमच्या बाहेरच्या खोलीत बसून चहा पिऊन गेला होता.

त्या बाकावर मी रडले, आणि रागही आला. त्या गृहस्थांचा आला, पण त्याहून जास्त या गोष्टीचा की पन्नाशी उलटेपर्यंत मी देवाची वचनं चिठ्ठीएवढीच वाचत आले होते. पुढे एकदा आमच्या पाळकीणबाईंशी बोलताना हे निघालं. त्या म्हणाल्या, मत्तयाचा चौथा अध्याय परत वाच. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि खाली उडी टाक म्हणतो, तेव्हा तोंडानं काय म्हणतो? वचनच म्हणतो. एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं, देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते. आणि येशू त्याला उत्तर देतो, "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको." वचन खोटं नव्हतं, त्याच्या आधारावर उडी मारायला सांगणं खोटं होतं. डायलिसिस सोडणं ही उडी होती. हे मला आधी कळलं असतं तर त्या गुरुवारी रात्री मी यांना तसं सांगू शकले असते.

फ्रेम मी काढली नाही. तिच्या काचेवर वरच्या बाजूला कागदाची एक पट्टी चिकटवली आणि त्यावर दहावी ओवी लिहिली.

मग सुरू झालं पाठ करणं. रिक्षातली ती रात्र मला सोडत नव्हती. डोळ्यांसमोर टांगलेलं आठवलं नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वी जिभेवर चढलेलं आपोआप आलं. म्हणजे जिभेवरच चढवायला हवं. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तेच सांगितलं आहे, घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता यांविषयी बोलत जा, ती हाताला बांध, दाराच्या खांबांवर लिही. मी शिक्षिका आहे, मुलांकडून पाढे आणि कविता पाठ करून घेण्यात जन्म गेला. माझं मलाच शिकवायचं होतं.

आठवड्याला एक वचन, त्याहून जास्त नाही. आधी ते जिथलं आहे तो अख्खा अध्याय वाचायचा, कोण कोणाला बोलतंय ते पाहायचं. मग तुकडे पाडायचे. यशया ४१:१० सोमवारी घेतलं, तर सोमवारी एवढंच: "तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे." बुधवारी पुढचं: "घाबरू नको, कारण मी तुझा देव आहे." वचन शाळेच्या जुन्या वहीच्या पानावर लिहून ओट्याच्या वरच्या फरशीला चिकटवायचं. यांच्यासाठी भाज्यांचं पोटॅशियम कमी करावं लागतं. बटाटा, भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी घालायची. ते उकळत असतानाचा वेळ वचनाचा. मीठ बेतानं, पापड-लोणचं बंद, केळं बंद, शहाळं बंद. वाफेनं कागद मऊ पडायचा आणि शनिवारपर्यंत शाई पसरायची. तोवर मला ते यायचं.

यांचा पाठाचा वेळ वेगळा. सुया लागल्या की डावा हात हलवायचा नसतो, तेव्हा उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर हे वचनाचे तुकडे मोजतात. पहिले काही महिने यांनी माझ्यासाठीच केलं, मला ठाऊक आहे. अपराधी वाटत होतं त्यांना त्या रविवारचं. पुढे एकदा रक्तदाब एकदम खाली गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटऱ्यांत गोळे आले, आणि टेक्निशियन पाय वर करून सलाईन सोडत होता तेव्हा यांना आपोआप आठवलं, "मी आपल्या नीतिमत्तेच्या उजव्या हाताने तुला सावरतो." घरी आल्यावर यांनी हे मला असं सांगितलं, जसं कोणी रस्त्यात जुना मित्र भेटल्याचं सांगतं.

आणि ती सातवी ओवी, ज्या नगरात नेलं आहे त्याच्यासाठी प्रार्थना करा. आमचं बाबेल म्हणजे ती खोली. दहा खाटा, दहा यंत्रं, फिनेलचा वास. मी तिच्यासाठी प्रार्थना करायला लागले, अगदी नावनिशीवार. पहाटे चारला उठून यंत्रं धुणाऱ्या मुलासाठी. वीज जाऊ नये म्हणून. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओसाठीसुद्धा, कारण त्या पाण्यात बिघाड झाला तर सगळ्या दहा जणांचं रक्त बिघडेल. शेजारच्या खाटेवर एक मुसलमान चाचा असतात, त्यांच्या बायकोशी माझी बहिणीसारखी गट्टी जमली. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आमचा खर्च बसला, तो अर्ज कसा भरायचा हे त्यांनीच मला शिकवलं. घरं बांधा, बागा लावा, याचा अर्थ मला त्या बाकावर बसून कळला.

सासूबाईंच्या पवित्र शास्त्राबद्दल सांगायचं राहिलं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर मंडळीतल्या बायकांकडून वाचायला शिकल्या. वाचताना ओळीखाली बोट फिरवायच्या. त्यांच्या पुस्तकात समासात शिसपेन्सिलीनं बारीक आकडे आहेत. एखाद्या वचनाशेजारी साल, कधी एखादा शब्द. यांच्या जन्माचं साल एकशे सत्ताविसाव्या स्तोत्राजवळ आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, तो धोंडा उभा करून त्याला एबन-एजर म्हणतो, परमेश्वरानं आतापर्यंत आपल्याला साहाय्य केलं म्हणतो, तिथं चार वेगवेगळी सालं एकाखाली एक आहेत. आणि हबक्कूकच्या शेवटी, अंजिराचं झाड न फुललं, शेतांत धान्य न पिकलं, गोठ्यांत गुरंढोरं न उरली, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, त्याच्या बाजूला लिहिलं आहे: "७२ खडी."

१९७२चा दुष्काळ. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. मूल पाठीशी बांधून, दुपारी सुकडी खाऊन. हे यांना आईनं कधी सविस्तर सांगितलं नव्हतं. ते दोन शब्द आम्ही दोघांनी डायलिसिसच्या एका संध्याकाळी वाचले आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. पाठीशी बांधलेलं मूल हेच होते.

त्या रात्री मी शिसपेन्सिल घेतली आणि तेविसाव्या स्तोत्राजवळ लिहिलं: "२३ रिक्षा."

सगळे दिवस असे गेले नाहीत. मागच्या पावसाळ्यात दोन महिने यांनी वचन म्हणायचंच सोडलं. चर्चला येईनात. मुलगा पुण्याहून येऊन मूत्रपिंड देतो म्हणाला होता, तपासण्यांमध्ये त्यालाच रक्तदाब निघाला आणि ते दार बंद झालं. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे, ती यादी फार हळू सरकते. एका संध्याकाळी हे म्हणाले, "मला आता काही आठवत नाही आणि आठवायचंही नाही. तू म्हण तुझं." मी वाद घातला नाही. रात्री थरथर पाहायला मनगटावर बोटं ठेवली आणि मनात नाही, मोठ्यानं म्हटलं. यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय, सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी, म्हणते परमेश्वरानं मला सोडलं, आणि परमेश्वर तिला विचारतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय? ती कदाचित विसरेल, मी तुला विसरणार नाही. पाहा, मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे. यांचा हात माझ्या हातात होता. दीड वर्षाच्या सुयांनी कातडी जागोजागी जाड झालेली, शीर दोरखंडासारखी वर आलेली. मी रोज रात्री तेच म्हणत राहिले. यांनी आठवायचं नाही तर नाही, मी आठवेन, आणि माझंही एखाद्या दिवशी राहिलं तर तळहात ज्याचे आहेत त्याच्याकडे कोरलेलं आहेच. साठेक दिवसांनी एका रात्री मी झोपेत अडखळले तर पुढचा शब्द अंधारातून यांनी दिला.

आता तहानेचं. डायलिसिसच्या माणसाचं सगळ्यात मोठं दुखणं सुया नव्हेत, तहान आहे. लघवी जवळजवळ होत नाही, म्हणून जे प्यावं ते अंगात साठतं. यांना दिवसाला आठशे मिली आहे. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यात. मी सकाळी एका बाटलीत मोजून भरते. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि हे ती बाटली समोर ठेवून बसतात. बर्फाचा खडा चघळतात, ओला रुमाल ओठांना लावतात. आणि खाटेवर असतात तेव्हा मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे चार तासांत एकशे वीस लिटर शुद्ध केलेलं पाणी यांच्या बाजूनं यंत्रातून वाहून जातं. हे तो आवाज ऐकत पडलेले असतात.

बेचाळिसावं स्तोत्र आम्ही लग्नाआधीपासून गात आलो. हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते. लुलपणं म्हणजे काय, ते मी यांच्या ओठांवर पाहिलं. मी एकदा म्हटलं, हे स्तोत्र आठवडाभर नको घेऊया, तुम्हांला त्रास होतो. तर म्हणाले, "नाही, हेच घे. त्याला माहीत आहे तहान काय असते. वधस्तंभावर तोही म्हणाला, मला तहान लागली आहे."

त्याच आठवड्यात यांनी स्वतःहून एक वचन निवडलं, माझ्या यादीत ते नव्हतं. प्रकटीकरण २१:६. "मी तान्हेल्याला जीवनाच्या झऱ्याचे पाणी फुकट देईन." घरातला काळा मार्कर घेतला आणि बाटलीवर, आठशेच्या रेघेच्या वर, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: प्र. २१:६. मी विचारलं, रेघेच्या वर का? म्हणाले, "खालचं आजचं आहे. वरचं मग."

काल गुरुवार होता. बाटली घासताना शाई पुसट झालेली दिसली, महिन्या-दोन महिन्यांनी होतेच. मी मार्कर शोधून ओट्यावर काढून ठेवला. हे जेवून उठले, चष्मा लावला, बाटली कोरडी पुसली आणि दिव्याखाली धरून पुन्हा अक्षरं गिरवली. मग अंथरुणावर बसून डावा हात माझ्यासमोर धरला. मी दोन बोटं ठेवली. गिरणी चालू होती. पहाटे पाचला रिक्षा यायची होती.